कंपनीचा माणूस

आप्पा, गेल्या महिन्यात इथं नांदेडला एका मोठ्या हॉलमध्ये तुमच्याविषयी बोलायला मला माईक मिळाला. तुम्ही असतात तर माईककडे नंतर, आधी हॉलच्या वायरिंगकडे बघितलं असतं. कुणाच्याही घरी गेलात की माणसांना रामराम घालायच्या आधी तुमची मान वर जायची. मीटर कुठं, मेन स्विच कुठं, उघडी वायर कुठं लोंबतेय. आत्याच्या वास्तुशांतीला तर तुम्ही जेवणाचं ताट सोडून स्टुलावर चढला होतात आणि आत्या आईला म्हणाली होती, तुझ्या नवऱ्याला पंगतीला बोलवायचं की फिटिंगला, ते एकदा ठरवून घे बाई. त्या हॉलमधली एक ट्यूब सारखी फडफडत होती. वीज कंपनीचे साहेब, सरकारचे साहेब, सगळे तिच्याखालीच बसले होते आणि कुणाचंही वर लक्ष नव्हतं.

विषय काय होता ते सांगते. वीज कंपन्यांनी सुरक्षेचे नियम मोडले, म्हणजे तारा लोंबकळत ठेवल्या, डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी उघडी टाकली, माणसाला हातमोजे न देता खांबावर चढवलं, तर त्यांना दंड होतो. होतो म्हणजे कायद्यात लिहिलेला आहे. तो इतका किरकोळ आहे की कंपनीला दंड भरणं परवडतं, तारा ओढून घेणं परवडत नाही. आता तो पुष्कळ पटींनी वाढवायचं चाललंय, आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला लातूर-नांदेडकडची सुनावणी इथं ठेवली होती. पेपरातली बातमी मीच आईला वाचून दाखवली. आई आता माझ्याकडेच असते. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवते, ती दिवसभर घरी. छातीनं धरलंय तिला, नाकाला नळी लावून ऑक्सिजनच्या मशीनपाशी पडून असते. बातमी ऐकून तिनं पेपर हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "दंड किती का घेईनात. तू तिथं जाऊन एवढंच बोल, की माझा मालक कंपनीच्या कामावर गेला. त्यांच्यातल्या कुणीतरी एकदा हाव, गेला, म्हणावं."

तिला दुसरं काही नको आहे. तुमच्यामागे मदत मागायला गेलो तेव्हा कंपनीनं उत्तर दिलं होतं, की सदर इसम कंपनीचा कर्मचारी नाही, तो अनधिकृतपणे खांबावर चढला. गावातल्या दोन-चार जिभांनी त्याचं पुढे 'आकडा टाकायला चढला होता' असं करून टाकलं. तुम्हाला वीजचोर म्हटलं गेलं, आप्पा. सख्ख्या भावाच्या शेतातला आकडा ओढून फेकणाऱ्या आणि त्यापायी भावकीत बोलणं बंद करून घेणाऱ्या माणसाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्या घरात झाली. आई आजही गावाकडच्या लग्नाला जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढते, कारण कुठल्यातरी बाईच्या तोंडून तो शब्द येईल अशी तिला धास्ती असते.

तुम्ही कंपनीचे नव्हतात हे खरंच आहे. आपल्या अहमदपूर तालुक्यातच काय, सगळीकडेच गावोगाव असा एक माणूस असतो, त्याला लोक झिरो वायरमन म्हणतात. कंपनीच्या हजेरीत त्याचं नाव नाही, त्याला पगार नाही, पण फ्यूज उडाला, तार तुटली, मोटारी बंद पडल्या की खांबावर तोच चढतो. खरा लाईनमन एक आणि त्याच्या गळ्यात ढीगभर गावं, तो तरी कुठं कुठं पुरणार. म्हणून आमचे लाईनमनकाका तुम्हाला फोन करायचे, आधी किराणा दुकानात, नंतर तुमच्या मोबाईलवर, की तेवढं बघून घ्या. आणि तुम्ही बघून घ्यायचात. आपल्या रानात पाणी सोडलेलं तसंच टाकून जायचात. आई भाकरी थापता थापता करवादायची, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायलेत. तुम्ही चुलीपाशी बसलेले आहात, हाताला जळक्या रबराचा वास आहे, तिखटात तेल ओतून घेताय आणि नुसते हसताय, असं मला अजून दिसतं. खरं सांगायचं तर तुम्ही फार मोठे कारागीर नव्हतात. तुमच्या हातून एकदा अर्ध्या गावाचे बल्ब उडाले होते आणि सरपंचाच्या टीव्हीतून धूर निघाला होता. पण बोलावणं आलेलं तुम्हाला आवडायचं. 'वायरमनसाहेब' अशी हाक आली की तुमची चाल बदलायची, ती मी ओसरीवरून बघायचे आणि मला हसू यायचं.

लाईनमनकाकांनी तुम्हाला एक पिवळं हेल्मेट दिलं होतं, कंपनीचं, पुढे शिक्का आणि बाजूला नंबर असलेलं. तुम्हाला आयुष्यात मिळालेल्या भेटींमध्ये ती एकच तुम्ही पुसून ठेवायचात. खांबावर ते घालायचा तुम्हाला कंटाळा, डोकं तापतं म्हणून मोटरसायकलच्या हँडलला अडकवून चढायचात. मोटरसायकलवर मात्र ते हटकून डोक्यावर. मी डी.एड.ला लागले तेव्हा लातूरला हॉस्टेलवर सोडायला तुम्ही तेच घालून आलात. रेक्टरबाईंनी विचारलं, वडील काय करतात, आणि माझ्याआधी तुम्हीच सांगून मोकळे झालात, कंपनीत हाय. मला इतकी लाज वाटली. बाहेर गेटपाशी मी तुमच्यावर चिडले, खोटं कशाला बोलता म्हणाले. तुम्ही हेल्मेटचा पट्टा लावत होतात, पट्टा तुटका होता आणि त्याला तुम्ही सुतळी बांधली होती.

"काम कोण करतंय?" तुम्ही विचारलंत. "मीच करतो ना? मग खोटं कुठं हाय त्यात?"

आणि माझ्या हातात केळ्यांची पिशवी देऊन निघून गेलात.  त्या सुनावणीत साहेबांना मी जे विचारलं ते जवळजवळ हेच होतं, फक्त माझं मराठी जास्त शुद्ध होतं.

त्या लोकांना समजावून सांगताना सगळ्यात जड गेलं ते चपलांचं. आपल्या शिवारात एक रीत होती, ती कुणी पाडली देव जाणे. डीपीचा दांडा खाली ओढून, लाईन बंद करून जो कामाला जाईल, त्यानं आपल्या चपला डीपीखाली काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की दांडा कुणी वर करायचा नाही. कंपनीनं कधी कुलूप दिलं नाही, पाटी दिली नाही, मग लोकांनी आपली अक्कल चालवली. आणि ती रीत पाळली जायची. ऊस वाळत असताना, मोटार बंद असताना, नुसत्या चपला बघून माणसं बांधावर तंबाखू मळत तुमची वाट बघत बसलेली मी पाहिलीत. त्या टायरच्या चपला साऱ्या शिवाराला ओळखू यायच्या. मीसुद्धा शाळेतून येताना त्या दिसल्या की लांबूनच ओरडायचे, आप्पा, भाकरी आणू का.

मग ते नवरात्र आलं. घट बसले की माहूरच्या रेणुकेच्या नावानं तुम्ही नऊ दिवस अनवाणी. दर वर्षीचंच होतं ते, पण इतर वर्षी त्या दिवसांत तुम्ही लाईनला हात लावायचा नाहीत, उपासानं चक्कर येईल म्हणून आई जाऊच द्यायची नाही. त्या सकाळी ती भगर शिजवत होती आणि लाईनमनकाकांचा फोन आला. मळ्याकडची तार खांबावरून निसटलीय, मी दुसऱ्या गावात अडकलोय, साहेब सणाला गावी गेलेत, तेवढं बघून घ्या. तुम्ही म्हणालात, भगर झाकून ठेव, हा आलोच. पुढचं मी लोकांच्या सांगण्यावरून जोडलंय. तुम्ही डीपीचा दांडा ओढलात. सवयीनं पाय मागे घेतलाही असेल चपला काढायला. मग उसापलीकडच्या खांबावर चढलात, डीपीपाशी उभ्या माणसाला तिथलं काही दिसत नाही. बांधाशेजारचे मामा, मोटार का बंद पडली म्हणून बघायला आले. दांडा खाली होता, चपला नव्हत्या. त्यांनी एक हाक मारली म्हणतात. मग दांडा वर केला.

मी लातूरहून एसटीनं निघाले तेव्हा मला फक्त तुम्ही आजारी आहात एवढंच सांगितलं होतं. अहमदपूरच्या स्टँडवर चुलतभाऊ उभा होता, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मी नुसती त्याच्या गाडीवर मागे बसले. घरी मामा अंगणात भिंतीला टेकून बसले होते. पोलीस त्यांना विचारत होते आणि ते एकच वाक्य म्हणत होते, चपला नव्हत्या साहेब, चपला नव्हत्या. पोलिसाला काही कळेना, त्याला वाटलं म्हातारा भ्रमलाय. गावातल्या झाडून सगळ्यांना मात्र कळलं होतं. मामांना कुणी बोल लावला नाही. आई स्वतः त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, देवीच्या नावानं चपला सोडल्या होत्या, त्याला तुम्ही काय करणार. मी त्यानंतर कधी घटापुढे हात जोडले नाहीत. आई जोडते, दर वर्षी, माझ्या घरातल्या घटापुढेसुद्धा.

आणि लाईनमनकाका. ते पोलिसांच्या आधी येऊन पोचले होते. लहान पोरासारखे रडत होते, आई सांगते, आणि रडता रडताच त्यांनी तुमच्या मोटरसायकलच्या हँडलचं हेल्मेट काढलं, खताच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि घेऊन गेले. आईनं ते बघितलं. त्या वेळी तिला त्याचा अर्थ लागला नाही, तिला वाटलं आठवण म्हणून नेत असतील. कंपनीचं उत्तर आलं त्या दिवशी लागला.

सुनावणीची तारीख कळल्यावर मी त्यांना शोधत लातूरला गेले. एवढी वर्षं का नाही गेले, असं तुम्ही विचाराल. कुणासमोर बोलायला नेऊ त्यांना? बोलायला जागाच नव्हती. आता पहिल्यांदा कुणीतरी खुर्च्या मांडून सांगत होतं, की या आणि सांगा. ते औसा रोडला राहतात, दोन खोल्यांच्या घरात. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, गुडघे गेलेत, उठताना भिंत धरतात. मला त्यांनी लगेच ओळखलं. मुलगा कामावर गेला होता. तोही कंपनीतच लागलाय, कंत्राटावर, आपल्याच भागातल्या लाईनवर, असं त्यांची सून चहा देताना सांगत होती, जरा अभिमानानंच. मी त्यांना हेल्मेटचं विचारलं. स्टोअरला जमा केलं म्हणाले, नंबर होता ना त्याला, हिशेब द्यावा लागतो. 

"मीच फोन केला होता," ते म्हणाले. "देवासारखा माणूस, मीच पाठवला. बोलतो माय, तिथं येऊन बोलतो. मी आता रिटायर माणूस, मला काय करणार हायेत."

परतीच्या बसमध्ये मी वेड्यासारखी आनंदात होते. आईला फोन केला, तर तिनं मला दोनदा तेच सांगायला लावलं. दंड वाढणार, काका बोलणार, आणि कागदोपत्री का होईना तुम्ही कामावर गेलेले ठरणार. वरातीमागून घोडं, पण घोडं निघालं होतं.

हॉल चांगला भरला होता. देगलूरकडचा एकजण लोंबत्या तारेनं म्हैस कशी गेली ते सांगत होता, एक बाई शाळेच्या भिंतीला चिकटलेल्या डीपीबद्दल बोलली. सरकारचे साहेब सगळं लिहून घेत होते. माणूस सज्जन होता, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. मग कंपनीचे साहेब उठले. मला वाटलं, हे आता विरोध करतील, दंड वाढला तर कंपनी बुडेल म्हणतील. तसं काही नाही. गोड आवाजात म्हणाले, आम्ही या प्रस्तावाचं स्वागत करतो. दंड वाढलाच पाहिजे. फक्त एक सूचना आहे, की तो कंपनीवरच थांबू नये, ज्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणानं अपघात झाला त्याच्याकडून वसूल व्हावा, म्हणजे खालच्या पातळीवर शिस्त येईल. सरकारच्या साहेबांनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं. मी मागे वळून पाहिलं. लाईनमनकाका शेवटच्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत होते.

माझी पाळी आली.  तुमचं सगळं सांगितलं, फोनचं, चपलांचं, नवरात्राचं. चपलांचं सांगताना पुढच्या रांगेतला एकजण हसला, मग बाजूच्यानं त्याला गप्प केलं. शेवटी मी विचारलं, तुम्ही दंड वाढवा, शंभर पटींनी वाढवा, पण मेलेला माणूस आमचा नव्हेच असं कंपनीनं म्हटलं, तर तो दंड कुणाला आणि कशाचा? जो काम करतो तो तुमचा माणूस, एवढं आधी लिहा. सरकारचे साहेब म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे मॅडम, पण आजच्या विषयाच्या कक्षेत बसत नाही, आपण लेखी द्या. मग मनापासूनच त्यांनी विचारलं, की तुमच्या वडिलांना कंपनीच्या माणसानं पाठवलं होतं असं सांगणारं कुणी आहे का?

मी म्हणाले, आहेत. इथंच बसलेत.

माईक मागे गेला. लाईनमनकाका खुर्चीचा हात धरून उठले, टोपी डोक्यावर घातली. सगळा हॉल त्यांच्याकडे वळून बघतोय. मी उभीच आहे. ते माझ्याकडे बघत नाहीत, साहेबांकडेही नाही, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघतायत.

"मी लाईनमन म्हणून रिटायर झालो," ते म्हणाले. "माझं एवढंच म्हणणं हाय, की गावातल्या लोकांनी परस्पर खांबावर चढू न्हाई. त्याच्याबद्दल गावोगाव जनजागृती व्हावी."

आणि बसले. टाळ्या पडल्या, आप्पा. कंपनीच्या साहेबांनीही वाजवल्या. सरकारच्या साहेबांनी 'जनजागृती' लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले, पर्स मांडीवर घेतली. बाजूच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली, तिला वाटलं मला भोवळ आली.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी ते माझी वाट बघत उभे होते. निघून गेले असते तर मला सोपं गेलं असतं. लई तोंडाशी आलं होतं माय, म्हणाले, पण त्यो साहेब काय बोलला ते ऐकलंस ना. माझं पोरगंसुद्धा गावातल्या कुणाला तरी फोन करूनच दिवस ढकलायलंय, एकट्यानं होतच नाही ते काम. आज मी हाव म्हणलो आणि पाठवणारा गुन्हेगार असं ठरलं, तर उद्या वसुली त्याच्याकडून. "दंड बारका होता तवा मला कुणी विचारलं न्हाई," ते म्हणाले. "आता विचारायलेत, तर दंड एवढा मोठा, की तोंड उघडायचं भ्या वाटतंय." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांना लातूरच्या बसपर्यंत सोडलं, खिडकीची जागा धरून दिली. गुडघ्यामुळे त्यांना पायरी चढता येईना, तेव्हा हात दिला.

हे असंच चालणार, हे मला आता कळून चुकलंय. दंड वाढेल, त्याची बातमी येईल, कुणीतरी कुणाचं अभिनंदन करेल. दंड वाढला की कंपनी तारा नीट करेल असं मी, मुलांना धडा शिकवावा तितकं सोपं समजत होते. ती आपली माणसं कमी करेल, मेल्यावर, आमची नव्हेतच म्हणून, एवढंच. आणि कधी चुकून एखादा दंड भरावाच लागला, तर तो कुठल्यातरी नावानं तुमच्या-आमच्या बिलात येऊन बसेल. तुम्ही बिल मोठ्यानं वाचायचात, स्थिर आकार, वहन आकार, अमुक आकार, आणि म्हणायचात, आकार एवढे आणि वीज मात्र निराकार. आम्ही सगळे हसायचो. परवा बिल आलं तेव्हा ते आठवलं, हसू नाही आलं.

घरी आले तेव्हा आई उशाला टेकून बसलेली होती, नळी काढून, बोलता यावं म्हणून. "म्हणला का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. मग काय म्हणाला, तर तेही सांगितलं, लपवून काय करणार होते. तिनं पायावरचं पांघरूण नीट केलं. मग विचारलं, लई वाळलाय का गं तो? मी म्हणाले, हो, वाळलेत. तिनं नळी पुन्हा नाकाला लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून तिनं तुमचा विषय काढलेला नाही. नाहीतर जेवताना एकदा तरी तुमचं काही निघायचंच, तुमची भगर, तुमचे उडवलेले बल्ब. आता ती आमटी चांगली झालीय म्हणते आणि जेवते.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. वाचायला तुम्ही नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवण्यासारखं ते नाही. तरी एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती सांगायची नसती तर कदाचित मी लिहायला बसलेही नसते.

सुनावणीनंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली लाईट गेली. भर दुपार, उन्हाचा कहर. कोपऱ्यावरच्या डीपीवर मोठा आवाज झाला आणि सगळं बंद. कंपनीला फोन लावला, तक्रार नोंदवली गेली. आईचं मशीन बंद पडलं होतं. घरातला छोटा सिलिंडर लावला, पण तो संपत आला की काटा कसा खाली येतो ते मी बघत होते. पुन्हा फोन लावला. मोबाईलवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. आईचे ओठ निळसर दिसायला लागले होते. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, ती अडकली होती कुठंतरी. तेवढ्यात समोरच्या वहिनी म्हणाल्या, त्यांची वाट बघून काय होतंय, आमच्याकडे एकाचा नंबर आहे, तोच येतो नेहमी. मी तो नंबर लावला. मीच लावला, आप्पा, वहिनींनी नाही.

तो लगेच आला. माझ्याच वयाचा असेल, खिशात पक्कड, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हातात मोजे नव्हते. मी विचारलं, लाईन बंद केलीय ना? तो म्हणाला, फोन केलाय मॅडम. कुणाला केला, ते मी विचारलं नाही. तो खांबावर चढायला लागला आणि मी दारातून एकदा त्याच्याकडे, एकदा आत सिलिंडरच्या काट्याकडे बघत उभी राहिले. आईला खाटेवरून खिडकीतून खांबाचा वरचा भाग दिसतो. तिनं नळी बाजूला केली.

"कोण चढलंय गं वर?"

"कंपनीचा माणूस आहे, आई," मी म्हणाले.

"कंपनीचा हाय ना? मग भ्या न्हाई," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.